खरपूस आणि करपट

मराठीत दोन शब्द आहेत, आणि ते दोन आहेत हे आपले मोठे भाग्य. एक खरपूस, दुसरा करपट. दोन्ही विस्तवाचीच लेकरे. पण एकाचे नाव घेताच तोंडाला पाणी सुटते आणि दुसऱ्याचे नाव निघाले की माणूस शेगडीकडे धावतो. थालीपीठ खरपूस असते, दूध करपट लागते. या दोहोंमधले अंतर कधी कधी अर्ध्या मिनिटाचे असते. पण ते ज्याला कळत नाही त्याच्या हाती आपण उलथने देत नाही.

हे सांगायचे कारण असे की, ज्यांच्या हाती उलथने देऊ नये अशा मंडळींनी अलीकडे न्यायासनावर बसून एका चहाचा निकाल लावला आहे. चीनच्या फुजियान प्रांतात आणि तैवानच्या डोंगरांत होणारा, कोळशाच्या धगीवर भाजलेला गर्द ऊलाँग हा तो आरोपी. आरोप असा की, चांगल्या पानाला भाजावे लागत नाही. भाजतात ते हलक्या पानाचे दोष झाकण्यासाठी. खरा चहा म्हणजे ताजा, हिरवा, फुलांच्या वासाचा. शहरातल्या एका चकचकीत चहाच्या दुकानात विक्रेत्याने मला हे सारे अशा थाटात ऐकवले, की जणू वेदवाक्यच. मी कोळशावरचा चहा मागितला, तेव्हा त्याने माझ्याकडे ज्या करुणेने पाहिले ती करुणा मी विसरलेलो नाही. तो बिचारा निमित्तमात्र. पण त्याच्या तोंडून जे मत बोलले ते आता चहाच्या शौकिनांत सर्वत्र बोकाळले आहे, आणि माझे भांडण त्या मताशी आहे.

भांडणापूर्वी वस्तूची ओळख करून देणे हा सभ्यपणा. हिरवा चहा, आपला नेहमीचा काळा चहा आणि ऊलाँग ही सारी एकाच झुडपाची पाने. पान खुडल्यावर त्याला चेचले, चुरगळले, की त्याच्यातले रस हवेशी मिसळून ते तांबूस होऊ लागते. कापलेले सफरचंद जसे होते तसे. ही क्रिया उष्णता देऊन लगेच थांबवली की हिरवा चहा, पुरी होऊ दिली की काळा. ऊलाँगवाला या दोघांच्या मध्ये उभा राहतो. तो पाने उन्हात सुकवतो, मग वेळूच्या सुपांत किंवा फिरत्या पिंपात हलकेच उसळवतो, म्हणजे पानांच्या कडा तेवढ्या दुखावतात. मग त्यांना विसावा देतो, पुन्हा उसळवतो, पुन्हा विसावा देतो. हा खेळ रात्रभर चालतो. पहाटेस पानाच्या कडा तांबड्या आणि मधला भाग हिरवा अशी स्थिती आली, आणि गवताचा वास जाऊन फुलाफळांचा वास सुटला, की तापलेल्या कढईत टाकून तो पुढची क्रिया थांबवतो. मग पाने वळायची आणि वाळवायची.

दुसऱ्या कोणत्याही चहाचे काम बहुधा इथे संपते. फुजियानच्या उत्तरेस वूयी नावाचे डोंगर आहेत, तांबड्या कड्यांचे आणि अरुंद घळींचे. तिथे मात्र एवढे झालेल्या मालाला कच्चा चहाच म्हणतात. खरे काम पुढे आहे.

ते काम चालते भट्टीघरात. जमिनीत ओळीने खड्डे असतात. त्यांत कोळसा ठेचून दाबून भरतात, पेटवतात, आणि धूर व ज्योत पुरती निवली की वर बारीक राखेचा थर पसरतात. या राखेतच सारी करामत. थर जाड केला की धग मंद, पातळ केला की तीव्र. खड्ड्यावर ठेवतात ती टोपली वेळूची, कमरेत बारीक, थेट डमरूसारखी. तिच्या मध्यावर चाळण, चाळणीवर चहा. भाजणारा टोपलीला हात लावून धग ओळखतो, नाकाने वेळ ओळखतो, आणि ठरावीक वेळाने टोपली उतरवून चहा खालीवर करतो. हे तासन् तास चालते. मग चहा काही आठवडे पडू द्यायचा, आणि पुन्हा भट्टीवर चढवायचा. असे दोनदा, कधी तीनदा. शेवटच्या भाजणीनंतरही तो लगेच प्यायचा नसतो. अंगातली आग उतरेपर्यंत काही महिने झाकून ठेवायचा. एप्रिलअखेरीस आणि मे महिन्यात खुडलेले पान अशा रीतीने पेल्यात येण्याजोगे होते ते शरद ऋतूत, म्हणजे आपल्याकडे फराळाचे डबे भरतात त्या सुमारास.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. या चहाला धुराचा वास येत नाही. आला तर तो दोष समजतात. धुराच्या वासाचा एक प्रसिद्ध चहा त्याच वूयी डोंगरात होतो खरा, पण तो पाइनच्या लाकडाच्या धुरावर वाळवलेला काळा चहा आहे. एकाचे पाप दुसऱ्याच्या माथी मारणे बरे नव्हे.

धग पानाचे करते काय? पानातली साखर आणि अमिनो आम्ले मंद उष्णतेत एकमेकांशी संयोग पावतात आणि त्यांतून शेकडो नवे सुगंध जन्माला येतात. लुई कामीय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1912 साली या क्रियेचे वर्णन केले, म्हणून तिला त्याचे नाव मिळाले. भाजलेल्या शेंगदाण्याचा, कॉफीच्या बीचा, पावाच्या कवचाचा वास याच क्रियेतला. नावाची गरज आपल्याला नाही, कारण बेसनाचे लाडू करणारी प्रत्येक गृहिणी ही क्रिया जाणते. तुपात बेसन घातल्यावर पहिली काही मिनिटे कच्चट वास येतो. हात न थांबवता मंद आचेवर भाजत राहिले की एका क्षणी घरभर घमघमाट सुटतो. त्या क्षणाआधी थांबलेला लाडू टाळूला चिकटतो. आता या गृहिणीला कोणी सांगावे, की बाई, बेसन चांगले असते तर तुम्हाला भाजावे लागले नसते! चकलीची भाजणी न भाजता करा, रवा कच्चाच वळा, म्हणजे धान्याची मूळ चव कळेल! असे सांगणाऱ्याला ती काय उत्तर देईल ते वाचकांनीच कल्पावे. चहाच्या बाबतीत नेमके हेच बोलणारा मात्र रसिक ठरतो.

आता आरोपांकडे वळतो.

पहिला आरोप दोष झाकण्याचा. यात तथ्य मुळीच नाही असे मी म्हणत नाही. हलके, शिळे पान काळे होईस्तोवर भाजून गर्द ऊलाँग म्हणून खपवणारे व्यापारी आहेत. पण खव्यात भेसळ करणारे आहेत म्हणून कोणी पेढ्यावर बहिष्कार घालत नाही. पेढा पारखायला शिकतो. हा चहा पारखणे त्याहून सोपे आहे. चहा चाखण्याची जी आंतरराष्ट्रीय पद्धत 1980 साली ठरली, तिच्यात दर 100 मिलिलिटर उकळत्या पाण्याला 2 ग्रॅम चहा घालून 6 मिनिटे ठेवतात. कोणत्याही चहाला ही कसोटी निर्दयच. हलक्या भाजक्या चहात अशा वेळी राखेची चव, घशाला ओरखडा आणि त्यामागे निव्वळ पाणी मिळते. चांगला चहा दाट होतो, क्वचित कडवटही होतो, पण त्या कडवटपणाखालून गोडवा वर येतो. दुसरी खूण ओल्या पानांची. चहा करून झाल्यावर चोथा एका बशीतल्या पाण्यात पसरा. खरपूस भाजलेले पान तपकिरी असले तरी पाण्यात मऊ होऊन उलगडते. करपलेले पान कोळशाच्या कपचीसारखे आकसून राहते, काही केल्या उघडत नाही. पाहा, आपले ते दोन शब्द बशीत शेजारी शेजारी मांडता येतात.

आणि झाकण्याचाच मुद्दा असेल, तर हिरव्या ताजेपणाच्या पदराखाली काहीच झाकत नाही काय? पहिल्या पेल्याला फुलांचा दरवळ आणि तिसऱ्या पेल्याला कोमट पाणी, असे कितीतरी ताजे ऊलाँग मी प्यालो आहे. दरवळ पहिल्याच घोटात सर्व काही सांगून टाकतो, म्हणून गिऱ्हाईक दुकानातच भुलते. घरी नेल्यावर काय होते ते दुकानदाराला पाहायचे नसते. भाजणी पानात नसलेला गुण आत घालू शकत नाही. आत जे आहे ते पक्के करते.

दुसरा आरोप मूळ चवीचा. भाजण्याने पानाची मूळ चव मरते म्हणे. मूळ चव हवी असेल तर झुडपावरचे पान तोडून चावावे. कडू, तुरट आणि गवतासारखे लागेल. चहा म्हणून आपण जे पितो ते सारे माणसाच्या हाताने घडवलेले आहे, हिरव्या चहासकट. यातली मौज अशी, की ज्याला आज मूळ चव म्हणून मिरवतात ती हिरवट ऊलाँगची तऱ्हा वयाने अगदी कोवळी आहे. तैवानमध्ये परदेशी निर्यात घटून घरचा बाजार वाढला, आणि 1980च्या दशकात उंच डोंगरांवरचे मळे पसरू लागले, तेव्हा हलक्या, फुलासारख्या चहाची आवड वाढली. फुजियानच्या दक्षिणेस आन्शी नावाचा तालुका आहे. तिथला तिएक्वानयिन, म्हणजे लोखंडी करुणादेवी, हा चहा पूर्वी कोळशावर भाजून गर्द करीत. 1990च्या दशकापासून तिथेही हिरवी लाट आली. वातानुकूलित खोल्यांत पाने थंड ठेवून तांबूसपणा रोखायचा, भाजणी टाळायची, 7-7 ग्रॅमच्या हवा काढलेल्या पुड्या भरायच्या आणि त्या शीतकपाटात ठेवायच्या. ज्या चहाला टिकण्यासाठी विजेचे कपाट लागते, तो निसर्गाचा मूळ चहा. आणि जो डब्यात वर्षानुवर्षे सुखाने राहतो, तो मात्र बनावट! ही तर्कपद्धती मला उमगत नाही.

खरे पाहता ताजेपणा हा इथे आधी गुण म्हणून आलाच नाही. तो सोय म्हणून आला. भाजायचा म्हणजे कोळसा हवा, जागरण हवे, जाणता माणूस हवा, आणि महिनोन् महिने पैसा डब्यात अडकून पडणार. न भाजलेला चहा आज केला की उद्या विकता येतो. व्यापाऱ्याने सोय पाहिली यात त्याचा दोष नाही. तो त्याचा धर्म. पण त्याच्या सोयीला आपण रसिकतेचे नाव द्यावे, आणि भट्टीपाशी रात्र काढणाऱ्या कारागिराला लबाड म्हणावे, याला मात्र माझी हरकत आहे.

या वादात मी एक जुना साक्षीदार उभा करतो. युआन मेई हा अठराव्या शतकातला चिनी कवी आणि नामांकित खवय्या. तो हांगचौचा, म्हणजे लोंगचिंग या सर्वांत गाजलेल्या हिरव्या चहाच्या गावचा. 1792 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पाकशास्त्राच्या ग्रंथात तो सांगतो, की वूयीचा चहा त्याला आवडत नसे. तो दाट आणि औषधासारखा कडू वाटे. पुढे 1786 साली, वयाच्या सत्तरीत, तो त्या डोंगरांत गेला. तिथल्या साधूंनी त्याला अक्रोडाएवढ्या पेल्यांतून आणि महाळुंगाएवढ्या किटलीतून चहा दिला. एवढासा घोट गटकन गिळवेना; आधी वास घेतला, मग चव घेतली, मग तो तोंडात घोळवला. एका पेल्यानंतर दुसरा आणि तिसरा घेतला, आणि त्या चहाची थोरवी त्याला पटली. मग आपल्या गावच्या लोंगचिंगशी तुलना करून त्याने लिहिले, की तो निर्मळ खरा, पण चवीला पातळ. जन्मभर हिरवा चहा प्यालेल्या माणसाची ही साक्ष आहे. त्याने नवे काय केले? पेला लहान घेतला आणि घाई सोडली, इतकेच.

तिरस्काराइतकीच भक्तीही या चहाला बाधली आहे. वूयीच्या एका कड्यावर दा होंग पाओ, म्हणजे मोठा तांबडा झगा, या चहाची सहा जुनी झुडपे आहेत. 2006 पासून त्यांची पाने खुडणे बंद केले आहे, आणि शेवटच्या खुडणीतला 20 ग्रॅम चहा 2007 साली बीजिंगच्या राष्ट्रीय संग्रहालयात नेऊन ठेवला. झुडपांना विश्रांती मिळाली हे उत्तमच. पण त्या नावाच्या जादूने वूयीच्या काही घळींतल्या चहाला सोन्याचे भाव आले, आणि तो पिण्याऐवजी नजराणा म्हणून या हातातून त्या हातात फिरू लागला. एकजण तुच्छतेने पीत नाही, दुसरा पूजेपायी पीत नाही. पेला दोघांचाही कोरडाच.

तिसरा आक्षेप घरचा आहे. दूध नाही, साखर नाही, हा कसला चहा, असे आपल्याकडे कोणीही म्हणेल. आल्याचा, दुधाचा उकळलेला चहा मला प्रिय आहे आणि त्याचा अवमान मी सहन करणार नाही. पण तो आपली सनातन परंपरा आहे असे कोणी समजू नये. एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातून कापूस आणि माळव्याची अफू भरून गलबते कॅन्टनला जात. जमशेटजी जीजीभॉयांची संपत्ती याच व्यापारातली. त्या व्यापाराच्या बदल्यात चीनचा चहा निघे तो इंग्लंडला. वूयी या नावाचाच अपभ्रंश होऊन इंग्रजांच्या तोंडी ‘बोही’ झाला होता, आणि 1773 साली बोस्टनच्या बंदरात जो चहा बुडवला त्यातला बहुतेक बोहीच होता. म्हणजे ज्या डोंगराच्या चहापायी साम्राज्ये भांडली, त्याच्या व्यापारात आपल्या बंदराचा पैसा खेळला, पण त्याचा पेला आपल्या माजघरात आला नाही. आपल्याकडे आला तो पुढे आसामचा, आणि 1930च्या दशकात निघालेल्या यंत्रावरचा दाणेदार चहा तर त्याहूनही अलीकडचा. दुधाला तोच शोभतो. ऊलाँगमध्ये दूध घालणे म्हणजे केशराच्या काडीला फोडणी देणे.

तेव्हा तो करावा कसा, हे सांगून टाकतो; कारण या चहाची निम्मी बदनामी करणाऱ्याच्या हातून होते. हल्ली पुड्यांवर पाणी 80 अंशांचे घ्या असे छापतात. हा सल्ला हिरव्या चहाचा. भाजक्या ऊलाँगला खळखळ उकळलेले पाणी लागते; कोमट पाण्यात तो तोंडच उघडत नाही. पाणी मात्र मचूळ किंवा जड नसावे. सुमारे 100 मिलिलिटरची झाकणाची चिनी मातीची वाटी घ्यावी. नसेल तर लहान पेला आणि वर बशी. ती गरम पाण्याने विसळून तीत 6 ग्रॅम चहा घालावा. पहिले पाणी घालून लगेच ओतून द्यावे. दुसरे पाणी दहा-पंधरा सेकंद ठेवून पेल्यात घ्यावे, आणि पुढे प्रत्येक खेपेस थोडा वेळ वाढवावा. चांगला चहा सहा-सात पाणी सहज देतो.

चाखताना आधी झाकणाचा वास घ्या. पहिल्या पेल्यात विस्तव बोलतो: भाजलेला अक्रोड, गूळ, कोकोची पूड. दुसऱ्या-तिसऱ्यात तो बाजूला होतो आणि पिकलेल्या आलुबुखारासारखे फळ पुढे येते. रौग्वी जातीच्या चहात दालचिनीची तिखट झाक असते; श्वेइश्येनमध्ये ओल्या लाकडाचा, शेवाळाचा गंभीर वास. पाचव्या पाण्याला फुलांचा गंध येतो, ज्या गंधासाठी हिरव्याचे भक्त एवढे व्याकूळ असतात तोच. इथे तो घाईने उधळला न जाता शेवटपर्यंत राखून ठेवलेला असतो. रंग मधापासून काकवीपर्यंत कोणताही असो, पण पारदर्शक असावा. पेला रिकामा झाला की थंड पेल्याचा वास घ्या. आणि गिळल्यानंतर क्षणभर थांबा. घशातून जो गोडवा परत येतो, आणि पावसाच्या पहिल्या सरीनंतरच्या कातळासारखी जी चव जिभेवर रेंगाळते, तिलाच वूयीचे लोक कड्याची लय म्हणतात. मेद झडतो, पोट सुधारते, असे सांगून हा चहा विकणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका. तो चवीसाठी प्यावा.

साठवण सोपी. घट्ट झाकणाचा डबा, कोरडी जागा, मसाल्यांपासून दूर. पावसाळ्यात जरा सर्द झाला, तर कोरड्या कढईत अगदी मंद आचेवर हलवत पुन्हा शेकता येतो. हिरवा चहा मावळला की मावळला. भाजक्याला विस्तव पुन्हा उठवतो.

या वादात शेवटी पणाला लागले आहे ते एक कसब. तैवानमध्ये नानतोऊ जिल्ह्यातल्या लुगू गावची शेतकरी संघटना 1976 पासून दोंगदिंग ऊलाँगच्या स्पर्धा भरवते, आणि तिथे भाजणीची पारख अजून होते. वूयीच्या चहाची कृती चीनने 2006 साली आपल्या राष्ट्रीय वारशाच्या यादीत घातली; 2022 साली चिनी चहाच्या पारंपरिक कृती युनेस्कोच्या यादीतही गेल्या. मान मिळाला, ठीक झाले. पण यादीत नाव गेल्याने टोपलीवरचा हात तयार होत नाही. राखेचा थर केव्हा किती हटवावा, हे भट्टीपाशी वर्षानुवर्षे बसून नाकाला शिकवावे लागते. आणि भाजलेले म्हणजे फसवलेले असे गिऱ्हाईकच म्हणू लागले, तर तरुण मुलगा ती जागरणे कशासाठी करील? एक पिढी चुकली की नंतर कितीही पैसे मोजून ते नाक परत मिळत नाही. आपल्या घरांतही भाजणी विकत आणू लागल्यापासून किती जणींना धणे नेमके केव्हा उतरवायचे हे वासावरून कळते, याचा विचार प्रत्येकाने मनाशी करावा.

वाचकहो, फराळाच्या ताटाशेजारी यंदा एकदा हा चहा ठेवून पाहा. महागडा नको, नावाजलेल्या कड्याचा नको. प्रामाणिक हाताने भाजलेला, साध्या मळ्यातला असला तरी पुरे. कडबोळ्याचा एक तुकडा मोडा, वर दोन घोट घ्या, आणि दुकानदार काय म्हणतो ते विसरून स्वतःच्या जिभेला विचारा. ती मराठी आहे. खरपूस कशाला म्हणावे हे तिला कोणी शिकवायला नको.